वाचकांचे प्रश्न : दरीतली उन्हाळी बाग आणि सुट्टीला येणारी घरची माणसं

निवृत्तीनंतर डोंगरातल्या दरीत राहायला गेलेल्या वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. बहुतेक पत्रांत बाग आणि पाहुणे असे दोन्ही विषय एकत्र आले आहेत आणि ते योग्यच आहे. पाहुण्यांच्या तारखा धरून आखलेली बाग त्या दिवसांत तुम्हाला मोकळं सोडते. तसं केलं नाही, तर नातवंडं अंगणात खेळत असताना तुम्ही पाण्याची नळी धरून उभे असता.

प्रश्न : आमचं घर दरीच्या तळाशी, ओढ्यापासून थोडं वर आहे. उन्हाळा लागल्यावर टोमॅटो आणि घेवड्याची रोपं लावली आणि एका रात्रीत ती काळी पडली. आमच्याहून शंभर-दीडशे मीटर उंचावर राहणाऱ्या शेजाऱ्यांची रोपं मात्र जशीच्या तशी आहेत. थंडी वर जास्त असायला हवी ना?

उत्तर : एरवी तुमचा हिशोब बरोबर आहे. दर १००० मीटर उंचीला हवेचं तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरतं. पण निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री हे उलटं होतं. जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, तिला टेकलेली हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत तळाशी साचते. मधल्या उतारावरचा पट्टा त्या वेळी तळापेक्षा काही अंशांनी ऊबदार राहतो. तुमच्या शेजाऱ्यांची बाग त्या पट्ट्यात आहे.

आधी आपल्या आवारात थंडी नेमकी कुठे साचते ते शोधा. किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर रोपाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर ठेवा आणि दहा-बारा निरभ्र रात्री जागा बदलून नोंदी घ्या. घराच्या भिंतीवरच्या थर्मामीटरवर विसंबू नका. भिंत दिवसभर तापलेली असते, त्यामुळे तो हमखास जास्त आकडा दाखवतो. मग बागेच्या खालच्या बाजूला पाहा. तिथे दाट कुंपण किंवा भरीव भिंत असेल, तर ती थंड हवेला धरणासारखी अडवते. खालच्या टोकाला फट ठेवा, जाळीचं फाटक लावा. वरच्या बाजूचं दाट कुंपण मात्र उपयोगाचं, कारण येणारी थंड हवा ते बाजूला वळवतं.

दंव गोठेल अशी रात्र असेल, तर दुपारीच मातीला पाणी द्या, पानांना नको. ओली माती जास्त उष्णता साठवते आणि रात्रभर सोडत राहते. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वीच क्रॉप कव्हरचं पांढरं कापड कमानींवर टाका. नुसतं रोपावर टाकलं, तर जिथे कापड पानाला टेकतं तिथेच पान गोठतं. कडा सगळीकडून मातीने दाबा. यातून दोन-तीन अंशांचा बचाव होतो, त्याहून अधिकाची आशा धरू नये. सकाळी ऊन आल्यावर कापड काढायला विसरू नका.

एक चूक फार जण करतात : दंवाचा धोका टळण्याआधीच वाफ्यावर गवताचं किंवा पेंढ्याचं जाड आच्छादन घालतात. आच्छादन मातीतली ऊब मातीतच कोंडतं, वर रोपापर्यंत येऊ देत नाही. त्यामुळे उघड्या वाफ्यातलं रोप वाचतं आणि झाकलेल्या वाफ्यातलं मरतं. आच्छादन घाला, पण धोक्याच्या रात्री सरल्यावर.

काळी पडलेली रोपं लगेच उपटू नका. टोमॅटोचं खोड खाली हिरवं असेल, तर आठवड्याभरात तिथून फूट येते. बटाट्याचा पाला गेला, तरी जमिनीतून पुन्हा येतो. घेवडा आणि काकडी मात्र नव्याने पेरलेली बरी. दुखावलेल्या रोपापेक्षा नवं बी लवकर पुढे जातं. पुढच्या वर्षी तळाच्या वाफ्यांत वाटाणा, कोबी, कांदा, पालक, लेट्यूस, गाजर अशी हलकं दंव सोसणारी पिकं घ्या आणि टोमॅटो, मिरची, काकडी घराच्या उन्हाच्या भिंतीजवळ न्या.

प्रश्न : नातवंडं सुट्टीत तीन आठवड्यांसाठी येणार आहेत. त्यांना स्वतःच्या हाताने काहीतरी तोडता, उपटता यावं अशी इच्छा आहे. गेल्या वर्षी वाटाणा ती यायच्या आधीच संपला आणि टोमॅटो ती गेल्यावर पिकले. काय, कधी पेरावं?

उत्तर : येण्याच्या तारखेपासून मागे मोजत या. त्याआधी एक दुरुस्ती : बियांच्या पाकिटावरचे दिवस चांगल्या उबदार हवेसाठीचे असतात. दरीत रात्री थंड असतात, शिवाय सकाळचं ऊन डोंगरामुळे उशिरा येतं आणि संध्याकाळचं लवकर जातं. दोन महिन्यांच्या पिकाला दहा ते चौदा दिवस वाढवून धरा. एक दिवस दर तासाला बाहेर जाऊन कोणत्या वाफ्यावर किती वेळ ऊन पडतं ते लिहून ठेवा. फळं-शेंगांना सहा ते आठ तास लागतात, पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं.

टोमॅटोचा घोळ बहुधा असा झाला : पाकिटावरचे दिवस रोप वाफ्यात लावल्यापासूनचे असतात, बी पेरल्यापासूनचे नाहीत. रोपं तयार करायच्या ट्रेमधले सहा ते आठ आठवडे त्यात मिळवायचे असतात. शिवाय मोठ्या फळांच्या जातींऐवजी चेरी टोमॅटो घ्या. ते लवकर पिकतात आणि थंड हवेतही त्यांची फळधारणा जास्त भरवशाची असते.

बाकीच्या पिकांचा हिशोब असा धरा. गाजर १०० दिवस आधी, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. बटाटाही साधारण १०० दिवस आधी. फुलं आली की खाली लहान बटाटे धरू लागतात आणि मुलांना हाताने माती उकरून ते काढता येतात. वाटाणा ८० दिवस आधी, तीन-चार सेंटिमीटर खोल, आणि दहा दिवसांनी दुसरी पेरणी. घेवडा ७० दिवस आधी, पण मातीचं तापमान १५ अंशांच्या वर गेल्याशिवाय नाही. गार ओल्या मातीत बी कुजतं. मुळा ३५ दिवस आधी आणि मग दर आठवड्याला एक छोटी ओळ. पाहुणे ऐन उन्हाच्या दिवसांत येणार असतील, तर वाटाण्यावर भिस्त ठेवू नका. दिवसाचं तापमान २७-२८ अंशांच्या वर राहू लागलं की त्याच्या शेंगा कमी होतात.

गाजराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मुलांना सर्वांत आनंद त्यातच होतो आणि सर्वांत जास्त फसतंही तेच. बी उगवायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढा काळ मातीचा वरचा थर एकदाही वाळता कामा नये. वाळून पापुद्रा धरला की नाजूक कोंब तो फोडू शकत नाही. पेरणीनंतर ओळीवर ओलं गोणपाट किंवा लाकडी फळी ठेवा, आठव्या दिवसापासून रोज उचलून बघा आणि पहिला कोंब दिसताच ती काढून घ्या. रोपं बोटभर झाली की विरळणी करून दोन रोपांत पाच सेंटिमीटर अंतर ठेवा. जीव तुटतो, पण न उपटल्यास मुलांच्या हाती दोऱ्यासारखी मुळं येतील. वाफ्यात ताजं शेणखत घालू नका, गाजराला फाटे फुटतात.

तारखा हमखास सरकतात. गाजर, बटाटा, कांदा तीन-चार आठवडे जमिनीत थांबतात. मुळा जून होऊन पोकळ पडतो, वाटाणा पिठूळ होतो, लेट्यूसला दांडा येऊन ते कडू होतं. म्हणून आमचं मत असं, की मुलांसाठीच्या जागेचा दोन-तृतीयांश भाग थांबणाऱ्या पिकांना द्यावा. आणि प्रत्येक मुलाला एक मीटर लांब-रुंद असा स्वतःचा तुकडा आखून द्या, नावाची पाटी लावून. सगळ्यांचा मिळून एकच वाफा ठेवला, तर पहिल्याच दिवशी भांडण ठरलेलं.

प्रश्न : आम्ही उन्हाळ्यात दोन आठवडे मुलीकडे राहायला जातो. बाग वाळू नये म्हणून हजार लिटरची टाकी दीड मीटर उंच चौथऱ्यावर बसवून ठिबक जोडलं. टायमर सुरू होतो, पण ड्रिपरमधून, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्यांतून, पाणी जवळजवळ येतच नाही.

उत्तर : दाब कमी पडतो आहे. पाण्याच्या एक मीटर उंचीने ०.१ बार दाब मिळतो, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम ०.१५ बार आहे. दाब-नियंत्रित (दाब बदलला तरी सारखंच पाणी सोडणारे) ड्रिपर साधारण अर्ध्या ते एक बारच्या खाली नीट चालत नाहीत. विजेच्या झडपेचे पुष्कळसे टायमरसुद्धा झडपेतला रबरी पडदा उचलण्यासाठी थोडा दाब मागतात. दोन्ही बदला. साधे, दाब-नियंत्रण नसलेले ड्रिपर घ्या आणि टायमर मोटरने फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हचा घ्या, जो शून्य दाबावरही उघडतो. १६ मिलिमीटरची नळी उताराच्या आडवी, समपातळीत टाका आणि एक ओळ १०-१५ मीटरपेक्षा लांब ठेवू नका. नळी उताराने खाली नेली, तर दीड मीटर उतारातच खालच्या टोकाचा दाब दुप्पट होतो. तिथे चिखल आणि वर कोरडं, असं होतं.

आता पाणी किती लागेल ते पाहू. उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर पाणी धरतात. बाग १० चौरस मीटर असेल, तर पंधरा दिवसांना सुमारे ५४० लिटर. दरीत दुपारी वर चढणारा वारा वाहतो, तो पानांतून आणि मातीतून ओल ओढतो. कोरड्या दिवसांत ही गरज दीडपट होते. तरी तुमची टाकी पुरते, पण वीस चौरस मीटरला ती पुरणार नाही.

ड्रिपरवर ताशी २ लिटर लिहिलेलं असतं, ते एक बार दाबाला. ०.१५ बारला ते ताशी पाऊण-एक लिटरवर येतं. स्वतः मोजा : ड्रिपरखाली बाटली ठेवा, अर्ध्या तासाचं पाणी मोजून दुप्पट करा. समजा ताशी ०.८ लिटर आलं आणि ८० ड्रिपर आहेत, तर तासाला ६४ लिटर पडतं. दर तीन दिवसांनी एकदा पावणेदोन तास पहाटे पाणी सोडलं, की तीन दिवसांची गरज भागते. रोज थोडं-थोडं दिल्यास मुळं वरवरच राहतात आणि टायमर एक दिवस चुकला तरी रोपं माना टाकतात. रेताड मातीत मात्र दर दोन दिवसांनी द्या.

ओढ्याचं पाणी टाकीत घेत असाल, तर गाळाची काळजी हवी. टाकीचा नळ तळापासून आठ-दहा सेंटिमीटर वर असावा, त्यानंतर १२० मेशचा, म्हणजे बारीक जाळीचा, फिल्टर, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक नळीचं टोक उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. पारदर्शक टाकीत शेवाळ धरतं. काळी टाकी घ्या आणि झाकण घट्ट बसवा. हे सगळं जाण्याच्या आदल्या रात्री बसवू नका. निदान दोन आठवडे आधी सुरू करून स्वतः घरी असताना बघा. बिघाड होतो तो पहिल्या आठ दिवसांतच.

जाण्याआधी खाण्याजोगं सगळं तोडा, बोटाएवढी झुकिनी आणि कोवळा घेवडासुद्धा. शेंगेत बी पक्व झालं की वेल नवी फुलं कमी धरतो. आच्छादन ओल्या मातीवर पाच ते आठ सेंटिमीटर जाड घाला, खोडापासून चार बोटं दूर. कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा. खत घालू नका. शेजाऱ्यांना ‘पाणी घाला’ एवढंच न सांगता ‘दर दोन-तीन दिवसांनी तोडून न्या’ असं सांगा, त्याने बागेचं भलं होतं. परत आल्यावर सुकलेल्या टोमॅटोला एकदम भरपूर पाणी देऊ नका, फळं तडकतात.

प्रश्न : टोमॅटोच्या फळांच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. फवारणी करूनही थांबत नाही.

उत्तर : तो रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून तसं होतं, आणि बहुतेक वेळा कारण पाण्याची अनियमितता असते : चार दिवस कोरडं, मग एकदम भिजवणं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. पाणी ठरावीक अंतराने द्या, आच्छादन घाला, नत्राचा मारा थांबवा. डाग पडलेली फळं काढून टाका, पुढची चांगली येतील. याच रोपांचा शेंडा पहिल्या दंवाच्या पाच-सहा आठवडे आधी खुडा, म्हणजे धरलेली फळं मोठी होतील. शेवटी उरलेली हिरवी फळं घरात १८ ते २१ अंशांत, पिकलेल्या सफरचंदाजवळ ठेवली तर रंग धरतात. ऊन लागत नाही. फ्रिजमध्ये मात्र पिकत नाहीत.

प्रश्न : दोघांचेही गुडघे दुखतात. उंच वाफे करायचे आहेत. माप काय घ्यावं? जागा उताराची आहे.

उत्तर : उंची ६० ते ७० सेंटिमीटर, म्हणजे काठावर किंवा स्टुलावर बसून काम होतं. दोन्ही बाजूंनी हात पोचणार असेल तर रुंदी १२० सेंटिमीटर, एकीकडे भिंत असेल तर ६०. यापेक्षा रुंद वाफा करण्याचा मोह आवरा. मधली तण काढायला ओणवं व्हावं लागलं, तर उंच वाफा करून उपयोग काय? लांबी २४० पुरे.

एवढ्या वाफ्यात (२४० × १२० × ६०) पावणेदोन घनमीटरच्या आसपास भर लागते. ओली झाल्यावर तिचं वजन दोन टनांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून दगडी बांधाच्या कडेला असा वाफा अजिबात नको. उतारावर आधी समपातळीची पायरी कापा आणि वाफ्याची लांब बाजू उताराला आडवी ठेवा. फळ्या चार सेंटिमीटर जाड घ्या. लांब बाजूंच्या मध्यावर आरपार लोखंडी सळई किंवा जाड तार ताणून बांधा, नाहीतर पहिल्याच पावसात फळ्या पोट काढतात. तळाला २० सेंटिमीटर जुन्या कुजक्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, आणि वरचे ३० सेंटिमीटर दोन भाग माती व एक भाग चांगलं कुजलेलं खत. लाकडाचा ताजा भुसा वरच्या मातीत मिसळू नका. तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. पहिल्या वर्षी माती हातभर नाही, पण दहा-पंधरा सेंटिमीटर नक्की खाली बसते, तेवढी भर घालण्याची तयारी ठेवा.

उंच वाफा लवकर तापतो, दरीत हा मोठा फायदा. पण तो लवकर वाळतोही. दोन वाफ्यांत ९० सेंटिमीटर सपाट, घट्ट वाट सोडा. सुटी खडी काठी टेकून चालणाऱ्याला धोक्याची. दहा लिटरच्या एका झारीऐवजी पाच-पाच लिटरच्या दोन, एकेका हातात, म्हणजे पाठ एका बाजूला ओढली जात नाही. उंचीवर दर १००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. वारा गार असल्याने ऊन जाणवत नाही, त्यामुळे रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उन्हात काम करून झटकन उठल्यावर भोवळ येऊ शकते. सकाळी पाऊण तास काम, मग पाणी आणि सावली.

प्रश्न : आमचं घर २६०० मीटर उंचीवर आहे. मुलगा-सून दीड वर्षाच्या बाळाला घेऊन सखल भागातून थेट एका दिवसात गाडीने येणार आहेत. बरोबर सुनेची आई आहे, तिला हृदयविकार आहे. काय काळजी घ्यावी? बागेत बाळासाठी काय बदलावं?

उत्तर : शक्य असेल तर वाटेत १५०० ते २००० मीटरच्या दरम्यान एक रात्र मुक्काम करायला सांगा. २५०० मीटरच्या वर थेट आल्यास डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं असा उंचीचा त्रास होऊ शकतो. तो बहुधा पोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. बाळाला सांगता येत नाही. ते किरकिर करतं, खात-पीत नाही, झोपत नाही. अशी लक्षणं दिसली, तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. पहिले दोन दिवस विश्रांती, भरपूर पाणी, मद्य नाही, चढावर भटकंती नाही. पहिल्या दिवशी बाग दाखवण्याचा उत्साहही आवरा. त्रास वाढत गेला तर खाली उतरणं हाच उपाय. बसल्या जागी दम लागणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं यांपैकी काही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच खाली न्या आणि डॉक्टर गाठा. सुनेच्या आईने निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून सल्ला घ्यावा, बाळाबद्दलही विचारून ठेवावं.

बागेत पहिली नजर पाण्याकडे. बादलीतल्या काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. बादल्या पालथ्या करा, टाकीच्या झाकणाला कुलूप लावा. कण्हेर, धोतरा, एरंड ही झाडं असतील, तर ती बाळ पोचेल अशा जागी ठेवूच नका. एरंडाच्या सुंदर ठिपक्यांच्या बिया फार विषारी असतात. बटाट्याच्या वेलीवर येणारी हिरवी बोरांसारखी फळंही विषारी, ती खुडून टाका. टोमॅटोचे आधाराचे बांबू मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला येतात, त्यांच्या टोकांवर जुने चेंडू किंवा बाटल्या खोचा. औषधं आणि खतं कुलुपात ठेवा, आणि फवारणी लागलीच, तर ती पाहुणे येण्याच्या पुरेशी आधी उरका. डब्यावर तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. उंच गवत कापून वाट मोकळी करा आणि संध्याकाळी मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, कानांमागे गोचीड लागली नाही ना, ते बघा. लागलीच असेल, तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल किंवा चटका देऊ नका.